बॅटरीच्या सायकलवाल्याला पुढचा धोका कधी दिसतो? एका लघुप्रबंधाची वर्षभराची खटपट

एम.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला लघुप्रबंधाचा विषय शोधताना आमच्या मार्गदर्शक मॅडमनी एकच अट घातली होती. ज्यांच्यावर अभ्यास करायचा, ती माणसं नागपुरात सहज गाठता आली पाहिजेत. चाळिशीनंतर पुन्हा कॉलेजात आलेल्या माझ्यासारखीला ही अट सोयीचीच होती. मी मनीषनगरहून बॅटरीच्या सायकलवर कॉलेजात येते, आणि सिग्नलला माझ्या आजूबाजूला तशाच सायकली वाढताना बघत होते: पाठीवर चौकोनी पिशवी घेतलेले डिलिव्हरीवाले, शिकवणीला जाणाऱ्या मुली, गुडघे दुखतात म्हणून साधी सायकल सोडलेले काका. या लोकांना रस्त्यावरचा धोका घडायच्या आधी किती ओळखता येतो, हे मोजायचं ठरलं. जुलै २०२३ मध्ये विषय मंजूर झाला आणि जून २०२४ मध्ये तोंडी परीक्षा झाली. मधलं सगळं इथे लिहून ठेवते, कारण मी शोधत होते तेव्हा अशा चाचणीबद्दल मराठीत काही हाताला लागलं नाही.

आधी कायद्याचं बघू, कारण विषयाचं मूळ तिथे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असलेली बॅटरीची गाडी, ब्रेक आणि रिफ्लेक्टर असले की, मोटार वाहनात मोडतच नाही. त्यामुळे तिला नंबरप्लेट लागत नाही आणि चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही. लर्निंग लायसन्सच्या संगणकावरच्या परीक्षेत निदान चिन्हं तरी ओळखावी लागतात. इथे दुकानातून सायकल बाहेर काढली की थेट वर्धा रोड.

वेगाचं गणित मी प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर टाकलं होतं. साध्या सायकलवर माणूस ताशी १५ च्या आसपास असेल तर सेकंदाला चार मीटरच्या थोडं वर जातो. ताशी २५ ला तो जवळजवळ सात मीटर जातो. समोर काय होतंय हे समजून ब्रेकवर बोटं जायला दोन सेकंद लागली, तर एक आठ मीटर पुढे गेलेला असतो आणि दुसरा चौदा. नजर मात्र तीच, साध्या सायकलीवर घडलेली. ती या वेगाला पुरते का, हा माझा प्रश्न.

धोका ओळखण्याची चाचणी ही कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २००२ पासून लायसन्सच्या लेखी परीक्षेला तिची जोड आहे. संगणकावर रस्त्याच्या १४ क्लिपा दाखवतात आणि आपल्याला वेग किंवा दिशा बदलायला लावेल असा धोका तयार होताना दिसला की बटण दाबायचं. लवकर दाबलं तर पाच गुण, उशीर होईल तसे कमी. तेरा क्लिपांत एकेक आणि एकाच क्लिपमध्ये दोन धोके असतात, म्हणून एकूण गुण ७५, आणि कार चालवणाऱ्याला पास व्हायला ४४ लागतात. सारखं टकटक बटण दाबत राहिलं तर त्या क्लिपचे गुण शून्य. तिथेही गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे सुरुवातीला वाटलं की त्यांच्याच पद्धतीवर नागपूरच्या क्लिपा बसवल्या की काम झालं. मॅडम फक्त म्हणाल्या, "आधी पायलट करून बघा."

पण पायलटच्याही, म्हणजे थोड्या लोकांवरच्या चाचपणीच्याही, आधी आचार समिती. माणसांवरचं कुठलंही संशोधन, साधी प्रश्नावली असली तरी, संस्थेच्या आचार समितीसमोर जातं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना डाउनलोड करून ठेवा. त्या वैद्यकीय लोकांसाठीच आहेत असं वाटतं, पण सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनाचंही प्रकरण त्यात आहे. प्रस्ताव, मराठी आणि हिंदी संमतिपत्रक, सहभागींसाठीचं माहितीपत्रक, मार्गदर्शकांचं पत्र आणि माझा एका पानाचा परिचय असा गठ्ठा ऑगस्टच्या शेवटी दिला. बैठक सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होती. २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नागनदी लोकांच्या घरात शिरली, आणि पुढचा आठवडाभर शहरात कोणाला कसल्या बैठकीची आठवण राहिली नाही. बैठक ऑक्टोबरात झाली.

समितीने प्रस्ताव नाकारला नाही, प्रश्न पाठवले. पहिलाच प्रश्न शाळकरी मुलींबद्दल होता. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते आणि बारा वर्षांवरच्या मुलाची स्वतःची लेखी सहमती वेगळी लागते. शाळेतून मुली गाठायच्या तर मुख्याध्यापकांचं पत्रही आलंच. माझ्या हातात सहा-सात महिने होते. शिकवणीच्या मुलींचा गट सोडून द्यावा लागला, आणि याचं वाईट मला आजही वाटतं, कारण संध्याकाळी सहाला लक्ष्मीनगरच्या गल्ल्यांत सगळ्यात जास्त बॅटरीच्या सायकली त्यांच्याच असतात. दुसरा प्रश्न मला आधी क्षुल्लक वाटला, नंतर नाही: ज्याचा अपघात होऊन गेला आहे, त्याला अशा क्लिपा बघून त्रास झाला तर? मग संमतिपत्रकात ‘मी कधीही, कारण न सांगता थांबू शकतो/शकते’ हे वाक्य ठळक अक्षरात गेलं, आणि कुठल्याही क्लिपमध्ये प्रत्यक्ष टक्कर दाखवायची नाही असं ठरलं. तिसरा प्रश्न मानधनाचा. डिलिव्हरीवाल्यांना पैसे देणं म्हणजे आमिष तर नाही ना? मी लिहून दिलं की त्यांचा तास बुडतो, त्याची भरपाई म्हणून दीडशे रुपये, आणि मधेच उठून गेला तरी तेवढेच. हे मान्य झालं. मंजुरीचं पत्र दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हातात पडलं. थांबण्याच्या त्या काळात मी संमतिपत्रकाचं मराठी चार जणांकडून वाचून घेतलं. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींना जे वाक्य कळलं नाही ते बदललं. पहिल्या मसुद्यात ‘सदर’ हा शब्द ठिकठिकाणी होता, अंतिम पत्रकात तो औषधालाही उरला नाही.

चित्रीकरण हा या कामाचा सगळ्यात आनंदाचा आणि सगळ्यात वेळखाऊ भाग. सीताबर्डीतल्या एका दुकानातून ॲक्शन कॅमेरा भाड्याने घेतला, दिवसाला सातशे रुपये आणि अनामत वेगळी. एकदम आठवड्यासाठी घेतला तर घासाघीस होते. कॅमेरा हँडलला लावला तर सिमेंट रोडच्या प्रत्येक सांध्यावर चित्र उडी मारतं. हेल्मेटवर लावला तर मी मान वळवली की बघणाऱ्याला आपोआप कळतं कुठे बघायचं, म्हणजे परीक्षेचं उत्तरच फुटलं. छातीवरचा पट्टा बरा पडला. वाहतूक शाखेत कॉलेजचं पत्र दिलं आणि शिक्का मारलेली प्रत खिशात ठेवली. डिसेंबरच्या ७ तारखेपासून २० पर्यंत हिवाळी अधिवेशन होतं, त्यामुळे झिरो माइल, सिव्हिल लाइन्स, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट हा सगळा भाग बॅरिकेड, मोर्चे आणि बंदोबस्ताने व्यापलेला. तिथे त्या दिवसांत छातीवर कॅमेरा बांधून फिरणं शहाणपणाचं नाही. मी दक्षिणेकडे सरकले: वर्धा रोड, छत्रपती चौक, खामला, प्रतापनगर. जानेवारीत संक्रांतीच्या आधीचा पंधरवडा चित्रीकरण बंदच ठेवलं. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो आकाशात असतोच, आणि दुचाकीवरच्या माणसाच्या गळ्यालाच येतो. तेव्हा नुसतं ये-जा करायलाही मी मफलर दोनदा गुंडाळत होते.

चांगली क्लिप म्हणजे काय, हे कळायला तासन् तास रेकॉर्डिंग बघावं लागलं. खड्डा अचानक समोर येतो, कुत्रं अचानक आडवं येतं, हे धोके खरे, पण चाचणीला निरुपयोगी, कारण त्यांची चाहूल आधी लागत नाही. चाचणीला असा धोका हवा ज्याची खूण आधी चित्रात आहे आणि जाणत्या नजरेला ती दिसते. अशा खुणा दोन जातीच्या. एकात धोका होणारा माणूस किंवा गाडी समोरच दिसते आणि ती पुढे काय करणार हे ओळखायचं असतं. कडेला उभ्या कारमध्ये स्टिअरिंगमागे डोकं दिसतं, म्हणजे दार उघडू शकतं. पुढचा सायकलवाला सिमेंट रोडच्या डाव्या कडेला आहे, आणि थोडं पुढे कडेचे पेव्हर ब्लॉक खचून चार बोटं खाली गेलेत, म्हणजे तो आता उजवीकडे, माझ्या वाटेत येणार. दुसऱ्या जातीत धोका दिसतच नाही, फक्त तो जिथून येईल ती जागा दिसते. थांब्यावर उभी असलेली बस. डबलडेकर पुलाखाली मेट्रोच्या खांबांच्या रांगेत यू-टर्नसाठी सोडलेली फट. खांब एवढे रुंद की त्यामागची स्कूटर तिचं पुढचं चाक बाहेर आल्याशिवाय कळत नाही.

कुठलाही धोका ‘घडवून’ आणायचा नाही हा समितीचा आणि माझाही नियम होता. त्यामुळे तासभर फिरून एखादीच कामाची क्लिप मिळे, कधी तीही नाही. सूर्याचं भान ठेवा. हिवाळ्यात संध्याकाळी अमरावती रोडने वाडीकडे निघालात तर सूर्य सरळ डोळ्यांत येतो. रस्त्यावर तो धोका खराच, पण चित्रात नुसता पांढरा डाग उरतो. नंबरप्लेट आणि चेहरे धूसर करण्यात माझा अख्खा ख्रिसमसचा आठवडा गेला.

क्लिपमध्ये धोका नेमका कोणता आणि त्याची पहिली खूण कुठल्या सेकंदाला, हे मी एकटीने ठरवून चालणार नव्हतं. त्यासाठी चार जाणकारांची समिती नेमली: ड्रायव्हिंग स्कूलचे एक प्रशिक्षक, रोज सायकल चालवणारे दोघं, आणि वाहतूक शाखेतून निवृत्त झालेले एक हवालदार काका. काकांनी पहिल्याच क्लिपला मला थांबवलं. "मॅडम, तुमी माणसाकडे पाहून राह्यल्या. चाकाकडे पाहा ना. चाक वळलं का समजा थो निघाला." त्यांनी सांगितलेल्या खुणेमुळे तीन क्लिपांची सुरुवात मला दीड-दीड सेकंद अलीकडे आणावी लागली. चौघांपैकी तिघांचं तरी एकमत नसेल ती क्लिप बाद, असा निकष ठेवला. माझ्या सगळ्यात आवडत्या क्लिपांपैकी दोन त्यात गेल्या.

संक्रांत झाली आणि जानेवारीच्या शेवटी पायलट सुरू केला. ओळखीपाळखीच्या आठ-दहा जणांना बसवलं, ब्रिटिश पद्धतीने: धोका दिसला की स्पेसबार दाबा. काही जण एकेका मिनिटात दहा-बारा वेळा दाबत होते. त्यांचं चूक नव्हतं. इतवारीच्या रस्त्यावर मिनिटभरात तेवढे धोके असतातच. हातगाडी, उलट दिशेने येणारी स्कूटर, फोनवर बोलत उतरणारा माणूस. ब्रिटनचा नियम लावला तर सगळे शून्यावर बाद. आणि काही जण शांतपणे क्लिप संपेपर्यंत बघत राहिले. त्यांतल्या एका अनुभवी गृहस्थांना विचारलं की ऑटो आडवा आला तेव्हा का दाबलं नाही? "हे तं रोजचंच हाय मॅडम, याच्यात धोका काय्‌चा?" ऑटो आडवा येणार हे त्यांना माझ्याही आधी दिसलं होतं. त्यांच्या मते ती बातमीच नव्हती. बटण नेमकं काय मोजत होतं? दिसणं की घाबरणं?

मॅडमना हे अपेक्षित असावं. त्यांनी मला दुसऱ्या प्रकारच्या चाचण्यांकडे वळवलं, ज्यांत ‘पुढे काय होईल?’ एवढंच विचारतात. मिका एंड्सली या अमेरिकन अभियंता-संशोधिकेने १९९५ मध्ये परिस्थितीच्या भानाच्या तीन पायऱ्या मांडल्या: दिसणं, त्याचा अर्थ लागणं, आणि पुढचं ओळखणं. विमानचालकांसाठी त्यांची एक पद्धत होती. सराव चालू असताना मधेच पडदा काळा करायचा आणि विचारायचं, आता कुठे काय होतं, पुढे काय होणार? ब्रिटन आणि स्पेनमधल्या वाहतूक-मानसशास्त्रज्ञांनी तीच युक्ती रस्त्यासाठी वापरली. धोका उघड व्हायच्या क्षणभर आधी क्लिप तोडायची. शेवटची चौकट पडद्यावर गोठवायची नाही, थेट काळोख करायचा, नाहीतर माणूस गोठलेल्या चित्रात निवांत शोधत बसतो. मग तीन प्रश्न: काय, कुठे, आणि पुढे काय. इथे घाबरटपणाचे गुण मिळत नाहीत आणि निर्ढावलेपणाचे जात नाहीत.

चाचणी बदलली म्हणजे समितीला पुन्हा कळवणं आलं. सुधारणेचा अर्ज, बदलाचं कारण, नवी प्रश्नावली. मंजुरीला तीन आठवडे लागले. तुमच्या प्रस्तावात आधीच एक वाक्य टाकून ठेवा की पायलटनंतर चाचणीचं स्वरूप बदलू शकतं, दोन्ही स्वरूपं सोबत जोडली आहेत. तेवढ्याने हे आठवडे वाचू शकतात. मी तो काळ क्लिपा पुन्हा कापण्यात घालवला. शेवटी वीस ठेवल्या, आणि त्यांत अधूनमधून काहीच न घडणाऱ्या क्लिपाही मिसळल्या, नाहीतर बघणाऱ्याला प्रत्येक वेळी काहीतरी होणारच हे पाठ होतं. क्लिपा दाखवण्यासाठी सायकोपाय आणि पुढे आकडेमोडीसाठी जास्प ही सॉफ्टवेअर वापरली. दोन्ही फुकट आहेत आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालली.

मार्च-एप्रिलमध्ये खरं काम. दोन गट हवे होते, दोन्हींतले लोक बॅटरीची सायकल चालवणारे: एक, ज्यांच्याकडे दुचाकीचं लायसन्स आहे आणि बाइकचा अनुभव आहे, दुसरा, ज्यांनी आयुष्यात फक्त सायकलच चालवली. मिळून चाळिसेक जण. पॅडल नसलेल्या, पण त्याच नियमात बसणाऱ्या छोट्या स्कूटरवाल्यांना घेतलं नाही, कारण तो वेगळाच प्राणी आहे. आणि पहिल्या आठवड्यातच कळलं की ‘तुमच्या सायकलचा वेग किती?’ हे विचारल्यावर काही जण हसतात. वेगमर्यादा काढून देणारे मेकॅनिक शहरात आहेत. मी तो प्रश्न वेगळा ठेवला, नाव न लिहिता चिठ्ठीवर उत्तर घेतलं, आणि नोंदवलेल्या वेगाचा हिशेब निष्कर्षात जपून मांडला.

डिलिव्हरीवाल्यांना गाठायची वेळ दुपारी तीन ते पाच. तेव्हा धरमपेठ, शंकरनगरच्या सावलीत ते ऑर्डरची वाट बघत बसलेले असतात. ‘सर्वेक्षण’ म्हटलं की ते उठून जातात, ‘व्हिडिओ बघून सांगायचं’ म्हटलं की थांबतात. एकाला जमलं की तोच पुढचे दोन घेऊन येतो. "ताई, याले पण बसवा ना, हा लय शहाणा समजते स्वतःले." जवळच्या एका वाचनालयाने मागची खोली रोज दोन तास वापरू दिली, पंख्यासकट. होळी-धुळवडीच्या आठवड्यात कोणी मिळालं नाही. एप्रिलमध्ये निवडणूक. १९ तारखेला नागपुरात मतदान होतं, आणि त्याआधी लॅपटॉप घेऊन प्रश्न विचारणारी बाई कुठल्या पक्षाची, हे प्रत्येकाला आधी जाणून घ्यायचं होतं. कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात घालायला लागले. मानधनाच्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो का, यावर लेखा विभागात चर्चा झाली. पाच हजारांवरच्या रकमेलाच लागतो, तेव्हा साध्या सहीवर भागलं. सही येत नसेल त्यांच्यासाठी शाईचं पॅड बरोबर ठेवा.

उत्तरं मी तोंडी घेतली आणि परवानगीने रेकॉर्ड केली. चार पर्यायांतून एक निवडायला दिलं असतं तर तपासणं सोपं होतं, पण मग मला जे सगळ्यात मोलाचं मिळालं ते मिळालं नसतं. एका क्लिपमध्ये पुढे शेअर ऑटो चालला आहे, मागे तीन बायका. क्लिप तुटते तेव्हा ऑटो सरळ जातोय, ना इंडिकेटर, ना ब्रेकलाइट. तीन-चार वर्षं डिलिव्हरी करणारा एक मुलगा क्षणात म्हणाला, "थांबते आता. डावीकडे घेते." कशावरून? "मांगची बाई पदर सावरून राह्यली ना. पैसे काढले तिनं." मी ती क्लिप कितीतरी वेळा बघितली होती. चार जाणकारांपैकी कोणीही पदराचं नाव घेतलं नव्हतं. घरी जाऊन पुन्हा बघितलं, आणि खरंच, ऑटो वळायच्या आधी ती पदर खांद्यावर घेते आणि मूठ पुढे करते.

अशी माणसं वाचायची कला दोन्ही गटांत होती. फक्त सायकलच चालवलेल्या काही बायका तर यात बाइकवाल्यांपेक्षा सरस निघाल्या. बसमागून कोण येईल, कोणता पोरगा हात सोडवून पळेल, गाय दुभाजकाच्या फटीतून कधी निघेल. फरक पडला तो वेगळ्याच क्लिपांत, आणि मला या सगळ्या वर्षातून सांगायची गोष्ट ती आहे.

प्रतापनगरजवळच्या एका क्लिपमध्ये समोरून येणारी कार तिच्या उजवीकडच्या गल्लीत, म्हणजे माझ्यासमोरून आडवी, वळण्यासाठी थांबली आहे. चालक माझ्याकडे बघतोय. ‘पुढे काय?’ याला सायकलच चालवलेल्या बऱ्याच जणांचं उत्तर: तो थांबेल, त्याने मला बघितलंय. बाइक चालवलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं: तो घुसेल. एकाने सरळ सांगितलं, "थो मले सायकल समजून घुसते. त्याले वाटते हा हळूच येईन." जर्मनीत झालेल्या प्रयोगांत अगदी हेच दिसलं आहे: सारख्याच वेगाने येणाऱ्या साध्या सायकलपेक्षा बॅटरीच्या सायकलसमोरून कारवाले कमी अंतर ठेवून वळतात, बहुधा पॅडल हळू फिरताना दिसतात म्हणून वेगाचा अंदाज चुकतो. म्हणजे रस्ता वाचण्यात माझे सहभागी कमी नव्हते. दुसऱ्याला आपण कसे दिसतो, हे वाचण्यात काही जण कमी पडत होते. साध्या सायकलवर ‘त्याने मला बघितलंय’ एवढं पुरत असे. आता बघूनही तो चुकीचा हिशेब करतो. बाइकवर हा धडा कधीतरी ब्रेक दाबत शिकावा लागतो, सायकलच्या वेगाला त्याची गरजच पडत नाही.

मे महिना आकडेमोडीत गेला, बाहेर पंचेचाळीस अंश आणि कूलरच्या आवाजात कानाला हेडफोन. तोंडी उत्तरांना गुण मी आणि एका वर्गमैत्रिणीने स्वतंत्रपणे दिले, तिला कुठलं उत्तर कुठल्या गटाचं ते माहीत नव्हतं. दोघींचं एकमत कोहेनचा कप्पा या मापाने मोजलं. ०.६१ ते ०.८० ला भरीव एकमत म्हणायची पद्धत आहे, आमचा आकडा त्यात बसला. एकूण गुणांत दोन गटांतला फरक मला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला, आणि तो मुख्यतः त्या वळणाऱ्या कारसारख्या क्लिपांतून आला. असा छोटा फरक लिहिताना हात फार वळवळतो, मोठा करावासा वाटतो. मॅडमनी ‘लक्षणीय’ हा शब्द जिथे जिथे खोडला, तिथे वाक्य सुधारलंच.

साहित्यचोरी तपासणीचं प्रमाणपत्र लवकर मागा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, पण मे अखेरीला सगळ्या विभागांचे प्रबंध एकाच वेळी येतात आणि रांग लागते. खर्च सगळा मिळून एकोणीस-वीस हजारांवर गेला: मानधन सहा हजार, कॅमेऱ्याचं भाडं त्याहून थोडं जास्त, मग मेमरी कार्ड, छपाई, सोनेरी अक्षरांच्या काळ्या बाइंडिंगच्या चार प्रती, आणि चहा. चहाचा हिशेब मी लिहून ठेवलेला नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोनच प्रश्न खोलात विचारले. २०२१ पासून नागपुरात आयरास्ते प्रकल्पात बसगाड्यांवर टक्कर ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रं बसवली गेली, मग माणसाची नजर मोजायची गरज काय? मी म्हटलं, ते यंत्र बसच्या काचेला लागतं, सायकलच्या हँडलला अजून तरी नाही. ते हसले, पण पुढचा प्रश्न हसण्याचा नव्हता: तुमच्या चाचणीत जास्त गुण मिळवणारा माणूस रस्त्यावर कमी पडतो-झडतो, याचा पुरावा? नाही, असंच सांगितलं. ब्रिटनमध्ये ती चाचणी सुरू झाल्यावर नव्या चालकांच्या काही प्रकारच्या अपघातांत घट दिसल्याचं तिथल्या पाहणीत आलं आहे, पण चाळीस माणसांना एकदाच बसवून नागपूरसाठी तसं म्हणता येत नाही. त्यासाठी तेच लोक दोन-तीन वर्षं गाठत राहावे लागतील. हे उत्तर मी आधी घोकून गेले नव्हते, आणि तेच त्यांना चाललं.

गुणपत्रिका आली तरी एक काम राहतं, जे बहुतेक जण विसरतात: आचार समितीला समारोप अहवाल. दोन पानांचा नमुना आहे. किती जण बसले, किती मधेच उठले, कोणाला काही त्रास झाला का, रेकॉर्डिंग कुठे ठेवलंय. मधेच उठलेल्या एका काकांबद्दल मी तिथे लिहिलं, त्यांनी कारण सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पोचपावती मिळाली, आणि त्याच खिडकीवर नो-ड्यूजचा फॉर्म घेतला.